अम्मीच्या पाटल्या

माझ्या धाकट्या बहिणीने एक गोष्ट तीन वर्षं माझ्यापासून लपवून ठेवली होती. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या निकाहची बोलणी सुरू झाली, दागिन्यांचा विषय निघाला आणि मी सहज म्हणून गेलो की आपण हाजीसाहेबांकडेच जाऊ, तुझा सेट त्यांनीच केला होता ना. ती मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "भाई, वहाँ मत जाओ."

मग तिने सांगितलं ते असं. २०२१ च्या एप्रिलमध्ये मेव्हण्यांना कोरोना झाला. ऑक्सिजन लागला, दवाखान्याने आगाऊ पैसे मागितले. घरात होतं ते संपल्यावर तिने लग्नातला सेट काढला आणि बँकेत गेली. सोनं तारण ठेवून लगेच कर्ज मिळतं, हे तिला माहीत होतं. ३४ ग्रॅमचा, २२ कॅरेटचा सेट. तिने हिशोब करून ठेवला होता की लाख-सव्वा लाख तरी मिळतील. बँकेचा सोनार आला. त्याने हार कसोटीच्या दगडावर घासला, ॲसिडचा थेंब टाकला, रंग पाहिला, पुन्हा घासला. मग म्हणाला, "ताई, हे अठराच्या वर जात नाही. खडे-मणी वजा केले तर साडेएकोणतीस ग्रॅम भरतं." हातात ७५ हजार पडले.

उरलेले पैसे तिच्या जेठांनी दिले. माणूस वाईट नाही, वेळेला धावून आला. पण पैसे देताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मायके से अठरा कॅरेट देके बाईस बोला क्या?"

मेव्हणे बरे झाले, अल्लाहचा शुक्र. सेट सोडवूनही आणला. पण ते वाक्य घरात राहिलं. बहीण मला काही बोलली नाही, कारण तिला वाटलं की भाईने खरंच पैसे कमी पडले म्हणून हलकं सोनं घेतलं असेल आणि शरमेने सांगितलं नसेल. तीन वर्षं तिने मला मनात माफ करून टाकलं होतं. मला हे ऐकून कसं वाटलं ते लिहीत नाही.

आता तो सेट आला कुठून ते सांगतो.

२०१६ साली तिचं लग्न ठरलं तेव्हा अब्बा नव्हते. माझी नोकरी लागून काही वर्षं झाली होती, घराचं कर्ज चालू होतं. अम्मीने स्वतःच्या हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. तिच्या वालिदांनी, म्हणजे आमच्या नानांनी केलेल्या. ३८ ग्रॅम. "ये मोड दे, उसको हार बना," म्हणाली. आमच्या तालुक्याच्या गावात एक सराफ होते, आपल्यातलेच. हज करून आलेले, मशिदीत पहिल्या सफमध्ये उभे राहणारे, अब्बांचे जुने दोस्त. त्यांच्याशिवाय दुसरीकडे जायचा विचारही मनात आला नाही.

दुकानात चहा आला. हाजीसाहेबांनी अब्बांच्या आठवणी काढल्या. पाटल्या तराजूवर ठेवल्या आणि म्हणाले, जुना माल आहे, डाख फार आहे, वीस टक्के घट जाईल, तीस ग्रॅम धरतो. मी हो म्हणालो. काचेखालचा एक सेट काढला, लाल-हिरवे खडे, मोत्याची झालर. ३४ ग्रॅम. म्हणजे तीस तुमचे आले, चार ग्रॅमचे पैसे आणि घडणावळ द्या. "मास्तर, आपके अब्बा के मेरे पे एहसान हैं. आपसे क्या कमाऊँगा?" बिलाचं विचारलं तर म्हणाले, पक्कं बिल केलं की टॅक्स लागतो, उगीच हजार-बाराशे जातील. कॅलेंडरच्या कागदाच्या मागे त्यांनी तीन आकडे लिहून दिले: ३४, २२, मोड ३०. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, सही नाही. मी २० हजारांच्या आसपास रोख मोजले, चिठ्ठी खिशात टाकली, सलाम करून बाहेर पडलो. टॅक्स वाचवल्याचा आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू.

गंमत पाहा. दरवर्षी २४ डिसेंबरला आमच्या शाळेत राष्ट्रीय ग्राहक दिन होतो. मुलांची भाषणं मीच लिहून देतो, उर्दूतली आणि मराठीतलीही. "ग्राहकाने प्रत्येक खरेदीची पक्की पावती मागितली पाहिजे" हे वाक्य मी कमीत कमी पंधरा वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. आठवीला म्हणींचा पाठ घेताना "भीड ही भिकेची बहीण" फळ्यावर लिहून तिचा अर्थ समजावला आहे. उर्दूत आपण ज्याला मुरव्वत म्हणतो तीच ही भीड. उर्दूत मात्र तो गुण समजला जातो. बेमुरव्वत माणूस म्हणजे कोरडा, तुटक, खानदान नसलेला. हाजीसाहेबांच्या दुकानात माझ्यातला मराठीचा शिक्षक बाहेर चपलांजवळच थांबला होता.

बहिणीने सांगितल्यावर मी वही घेऊन बसलो. मी भाषेचा माणूस, पण त्रैराशिक येतं. ३४ ग्रॅम २२ कॅरेटचे पैसे आपण दिले, म्हणजे त्यात शुद्ध सोनं हवं होतं साधारण ३१ ग्रॅम. निघालं साडेएकोणतीस ग्रॅम, तेही १८ कॅरेटचं, म्हणजे शुद्ध सोनं २२ ग्रॅम. नऊ ग्रॅम शुद्ध सोनं गायब. बावीस कॅरेटात सांगायचं तर दहा ग्रॅम, म्हणजे आजच्या बोलीतला एक तोळा. टॅक्सचे हजार-बाराशे वाचवायला एक तोळा दिला.

आणि हे झालं फक्त नव्या सेटचं. पाटल्यांमधले जे आठ ग्रॅम घट म्हणून कापले, त्यांचं काय? नानांच्या काळातलं सोनं. अम्मी म्हणायची बावीसच्या वरचं आहे. असेल किंवा नसेल. डाख, मळ, यांमुळे जुन्या दागिन्यात घट येते हे खरंच आहे. पण ती किती, हे आटवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाटल्या माझ्यासमोर आटवल्याच नव्हत्या. आता कळायला मार्ग नाही.

बहीण आणखी एक गोष्ट बोलून गेली. ती दर रमजानमध्ये आपल्या सोन्या-चांदीची जकात काढते. सेट ३४ ग्रॅम, बावीस कॅरेट, असं धरून अडीच टक्के. म्हणजे जे सोनं तिच्याकडे कधी नव्हतंच त्याचीही जकात ती देत आली. "वो तो गरीब को गई ना, जाने दो," म्हणाली. हाजीसाहेबांना यातलं काय लागू होतं ते मी सांगणार नाही. कुरआनात मापात मारणाऱ्यांच्या नावानेच एक सूरा आहे आणि ती त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा पढली असेल.

मी दुकानात गेलो होतो. हाजीसाहेब आता बसत नाहीत, मुलगा बसतो. चिठ्ठी दाखवली. त्याने उलटसुलट करून पाहिली, "इसपे दुकान का नाम किधर है?" म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. ग्राहक आयोगात जायचं तर खरेदीचा पुरावा हवा, आणि तक्रारीची साधारण मुदत दोन वर्षांची. माझ्याकडे पुरावा नव्हता आणि वर्षं आठ झाली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी भलता अर्थ काढेल. फसवणारा कोणत्या जमातीचा, यात काही नाही. माझ्या एका सहकाऱ्याला त्यांच्याच भावकीतल्या सराफाने असाच चुना लावला. मुद्दा "आपला" या शब्दाचा आहे. जिथे आपण परके असतो तिथे दहा प्रश्न विचारतो. आपल्या माणसाकडे विचारत नाही, आणि फसवायचं तर तिथेच सोपं असतं. २०१९ च्या जूनमध्ये बेंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरीचं प्रकरण फुटलं ते आठवा. हलाल नफा, सूद नाही, असं सांगून गोळा केलेले लोकांचे पैसे. संस्थापक दुबईला निघून गेला, जुलैमध्ये परत आला तेव्हा दिल्ली विमानतळावर पकडला गेला. तक्रार करणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांत बहुतेक आपलेच लोक होते. त्यांतल्या किती जणांनी पैसे देताना हिशोबाचा कागद वाचला असेल? विचारणं म्हणजे इमानावर शंका घेणं, असं आपण ठरवून टाकलं आहे.

खरं तर उलट आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कोणती, तर सूरह बकराची २८२ वी, आणि ती नमाजाबद्दल नाही की रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असली तरी लिहायला कंटाळू नका, सगळं तपशिलात. हातोहात होणाऱ्या सौद्याला लिहिण्याची सक्ती नाही, पण खरेदी-विक्री करताना साक्षीदार ठेवा असं तिथेही सांगितलं आहे. आज पक्कं बिल हाच साक्षीदार. तो कुणावर संशय घेत नाही आणि त्याला मुरव्वतही नसते.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कामाला आला तो लहानपणी मकतबमध्ये ऐकलेला एक किस्सा. हजरत बिलाल एकदा उत्तम प्रतीच्या खजुरा घेऊन पैगंबरांकडे आले. कुठून आणल्या असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की माझ्याकडे हलक्या खजुरा होत्या, त्या दोन मापं देऊन या चांगल्या एक माप घेतल्या. पैगंबरांना ते मुळीच आवडलं नाही. हा तर रिबाच झाला, असं ते म्हणाले. आणि मार्ग सांगितला की आपल्या खजुरा आधी वेगळ्या विकाव्यात, आणि त्या पैशांतून दुसऱ्या घ्याव्यात. सोन्याच्या बदल्यात सोनं घेतानाही हाच नियम: वजनाला वजन बरोबर, नाहीतर मधे पैसा आणा.

मकतबमध्ये आम्हाला तो केवळ मसला म्हणून शिकवला. परीक्षेला येणारा. जुने दागिने देऊन नवे घेताना फरक देणं जायज नाही, हे पुष्कळांना माहीत असतं आणि पुष्कळ जण "आजकाल कोण पाळतो" म्हणून सोडून देतात. मीही सोडलं होतं. पण त्या वहीत हिशोब मांडत बसलो असताना लक्षात आलं, की हा नियम मी पाळला असता तर अम्मीच्या पाटल्या वाचल्या असत्या. हाजीसाहेबांनी जे केलं ते सगळं "दोन देऊन एक घेण्या"च्या आत दडलं होतं. ३८ चे ३० कसे झाले, ३० चे ३४ कसे झाले, घट कुठे संपली आणि घडणावळ कुठे सुरू झाली, एकाच चिठ्ठीवर सगळं आल्यामुळे काहीच दिसत नव्हतं. पाटल्या आधी वेगळ्या विकल्या असत्या तर रुपयांत आकडा आला असता. तो आकडा मी दुसऱ्या दुकानातल्या आकड्याशी ताडून पाहू शकलो असतो. ग्रॅमच्या बदल्यात ग्रॅम घेतले की ताडायला काही उरत नाही.

म्हणून मुलीच्या वेळी ठरवलं: मोड वेगळी, खरेदी वेगळी. मधे पैसा.

बायकोची जुनी साखळी, दोन कंगन आणि एक अंगठी मोडायची होती. आधी सोलापूरला हॉलमार्किंग केंद्रात नेली. सामान्य माणूसही आपला जुना दागिना तिथे तपासून घेऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. चार नगांपर्यंत २०० रुपये आणि वर जीएसटी. लेखी अहवाल मिळतो. कंगन बावीसचे निघाले, साखळी साडेवीसची. साखळीचं ऐकून बायको हिरमुसली, पण निदान आता घरात खरं काय आहे ते कळलं. तो कागद घेऊन मी तीन दुकानांत फिरलो. कागद दाखवायच्या आधी त्यांचा भाव विचारायचो. एकाने १२ टक्के कापतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ५. तिसऱ्याने आधी विचारलं, पैसे हवेत की बदली? बदली केली तर पूर्ण भाव, रोकड हवी तर ३ टक्के कमी.

हा तिसरा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण मोठ्या दुकानांत हल्ली हाच चालतो. पूर्ण भाव ऐकला की आपण विरघळतो. मी तिथेच बसून दोन्ही हिशोब करून मागितले. समजायला सोपं म्हणून भाव ७००० रुपये ग्रॅम आणि सोनं ४० ग्रॅम धरा. मोड झाली २ लाख ८० हजारांची. रोकड घेतली तर ३ टक्के, म्हणजे ८४०० रुपये बुडाले. आता ४० ग्रॅमचा नवा दागिना. बदली करणाऱ्याला घडणावळ १६ टक्के, ४४,८०० रुपये; त्यावर घासाघीस नाही, कारण "तुम्हाला पूर्ण भाव दिलाय ना साहेब". हातात पैसे घेऊन शेजारच्या दुकानात गेलो तर त्याच धाटणीच्या दागिन्याला घासाघीस करून ९ टक्के, २५,२००. म्हणजे ८४०० घालवून १९,६०० वाचले. पूर्ण भावाचा मोह महागात पडला असता.

ज्या दुकानात मी शेवटी खरेदी केली ते एका गल्लीतलं, तीन पिढ्यांचं सोनाराचं दुकान. म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. मी मोड वेगळी केल्याचं सांगितलं तर हसले. म्हणाले, "बरं केलंत सर. दोन्ही एका कागदावर आलं की गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि कधी कधी आम्हालाही कळत नाही." मी त्यांना बिलालच्या खजुरांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मुलाला म्हणाले, "ऐक, हे चांगलं आहे."

त्यांच्याकडून घडणावळीची मेख कळली. पूर्वी घडणावळ ग्रॅममागे ठरलेल्या रुपयांत असायची. आता टक्क्यांत सांगतात. सोन्याचा भाव दुप्पट झाला की टक्क्यातली घडणावळही आपोआप दुप्पट होते. कारागिराने तेवढाच वेळ, तेवढाच जाळ लावलेला असतो आणि त्याची मजुरी काही दुप्पट होत नाही. म्हणून त्यांचं म्हणणं, टक्का सांगितला की ग्रॅमला किती रुपये पडले ते विचारायचं, मग आकडा डोळ्यात भरतो. "घडणावळीत ५० टक्के सूट" असा फलक दिसला की आधीचा टक्का किती होता ते विचारायचं. आणि घडणावळ लावून वर पुन्हा "घट" म्हणून दोन-तीन टक्के लावले असतील तर ती एकाच कामाची दोनदा मजुरी आहे.

खड्यांचं आम्ही अनुभवाने शिकलोच होतो. दागिन्याचं एकूण वजन वेगळं आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं, दोन्ही बिलावर हवीत. खडे-मोत्यांची किंमत वेगळ्या ओळीत. नाहीतर काचेचा तुकडा सोन्याच्या भावाने घरी येतो. आपल्याकडे लग्नात खड्यांचा भरगच्च सेट लागतोच, नाहीतर बायकांना दुल्हन दुल्हन वाटत नाही. त्यामुळे हा फटका आपल्याला जरा जास्तच बसतो असं माझं मत आहे. मुलीने स्वतःच साधी गोफ आणि पाटल्या मागितल्या. तिला अम्मीच्या पाटल्यांची कहाणी माहीत होती.

आणि हॉलमार्क. २०१६ साली मी हा शब्द ऐकला होता, पण दुकानदारावर तेव्हा सक्ती नव्हती. जून २०२१ पासून सोलापूरसह देशातल्या २५६ जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदार विकू शकत नाही. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता म्हणजे बावीसला २२के९१६, अठराला १८के७५०, आणि तो सहा जागांचा क्रमांक. प्रत्येक नगाचा वेगळा. फोनवर बीआयएस केअर नावाचं ॲप घेतलं की त्यात क्रमांक टाकून पाहता येतं. पण नुसता क्रमांक निघाला म्हणून खूश व्हायचं नाही. ॲप वस्तू कोणती तेही सांगतं. हातात हार असेल आणि ॲप अंगठी म्हणत असेल तर तो क्रमांक दुसरीकडून उचललेला आहे. हॉलमार्कचा खर्च नगामागे ४५ रुपये आणि जीएसटी, एवढाच. यासाठी कुणी पाचशे लावले तर विचारा. आणि हॉलमार्क असलेला दागिना कमी कसाचा निघाला तर जितकं सोनं कमी त्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च, अशी नियमात तरतूद आहे. अर्थात बिल असेल तर.

२ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना आणि कुंदन-पोलकीच्या दागिन्यांना सक्ती नाही. त्यामुळे बाळाची बाळी, नथीसारखे बारीक डाग घेताना दुकान बघूनच घ्यावं लागतं.

बिल हातात आलं तेव्हा मी ते चार वेळा वाचलं. निव्वळ वजन, कस, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, हॉलमार्क, जीएसटी, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ. जीएसटीची रक्कम पाहून पोटात गोळा आला हे कबूल करतो. आठ वर्षांपूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, राहू द्या हो बिल.

निकाह झाला. पण माझं एक काम राहिलं होतं. बहिणीचा सेट मी तिच्याकडून मागून घेतला आणि त्याच केंद्रातून त्याचाही अहवाल काढला. बँकेच्या सोनाराचा डोळा पक्का होता: अठरा कॅरेट. अहवाल, कॅलेंडरच्या कागदाची ती चिठ्ठी आणि माझी हिशोबाची वही घेऊन एका रविवारी तिच्या सासरी गेलो. जेठ अंगणात बसले होते. मी सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. पाटल्या किती होत्या, किती धरल्या, मी काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं नाही, सगळं सांगितलं. म्हणालो, "गलती मेरी है. पर हमने बाईस समझके दिया था."

त्यांनी बराच वेळ चिठ्ठीकडे पाहिलं. बहीण दाराच्या आड उभी होती. ते तिला काही बोलले नाहीत, माझ्याकडेही पाहिलं नाही. मग घरात हाक मारून म्हणाले, "जरा वो पिछले साल के कंगन लाओ." आणि मला विचारलं, "मास्तर, ते ॲप कसं घेतात?"

मी त्यांच्या फोनवर ॲप घेऊन दिलं. भाभींनी चार कंगन टेबलावर ठेवले. क्रमांक इतका बारीक कोरलेला असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचावा लागतो. पहिल्या तिन्हींचा सापडला, ॲपमध्येही बरोबर निघाला. चौथ्यावर आम्ही आतून-बाहेरून दोनदा फिरवून पाहिलं. भाभी म्हणाल्या, रोज हातात असतो, घासून गेला असेल.

जेठांनी कंगन खाली ठेवला आणि विचारलं, "बिल किधर रखा है?"